किरकोळ दुरुस्त्या

१

रोज सकाळी दहाला मी चहाचा कप लॅपटॉपच्या डाव्या बाजूला ठेवतो, चष्मा पुसतो आणि माझ्या गेमचं पान उघडतो. कालपासून किती जणांनी डाऊनलोड केला, कुणी किती तारे दिले, कुणी काय लिहिलं, ते बघतो. चांगलं लिहिलेलं दोनदा वाचतो. वाईट लिहिणाऱ्याला मनातल्या मनात दोन शिव्या हासडतो आणि चहा संपवतो. आतल्या खोलीत बायकोचं शिलाई मशीन चालू असतं. ती शाळांचे गणवेश शिवते.

त्या दिवशी पानावर ‘आवृत्ती १.१’ असं दिसलं. मी दीड वर्षापूर्वी १.० दिली होती आणि त्यानंतर गेमला बोटही लावलं नव्हतं. खाली एका ओळीत काय बदललं ते लिहिलं होतं.

‘किरकोळ दुरुस्ती : आतल्या खोलीत शिलाई मशीनचा आवाज घातला. कळावे.’

माझा गेम साधा आहे. एका रिकाम्या घरात फिरायचं आणि हरवलेली वस्तू शोधायची. कधी चष्मा, कधी किल्ली. भुतंखेतं नाहीत, मारामारी नाही. लोकांना त्यातली शांतताच आवडते. मी हेडफोन घातले आणि गेम सुरू केला. पहिल्याच खोलीत लांबून मशीनचा आवाज यायला लागला. हेडफोन काढले, तरी आवाज तोच. तो बायकोच्या मशीनचा होता, म्हणून मी पुन्हा हेडफोन घातले. इतक्यात गेममधलं मशीन कट्‌ करून थांबलं.

“अहो, सुई मोडली!” आतून बायको ओरडली.

योगायोग, असं मी म्हटलं. तरी लगेच गेम लोकांपर्यंत पोचवणाऱ्या कंपनीला फोन लावला. तांत्रिक विभागातल्या बाई नेहमीप्रमाणे गोड बोलल्या.

“सर, बदल तुमच्याच खात्यातून आलाय. तुमच्याच पासवर्डनं.”

“मी काही पाठवलेलं नाही.”

“पण आलाय ना सर. आता तो सगळ्यांना आपोआप गेलासुद्धा.”

मी फोन ठेवला आणि त्या ओळीतला शेवटचा शब्द बराच वेळ बघत बसलो. गेमच्या माहितीत ‘कळावे’ कोण लिहितं? माझ्या माहितीत असं लिहिणारा एकच माणूस होता, आणि तो गेल्याला दीड वर्ष झालं होतं.

२

त्यांना सगळे मास्तर म्हणत. आधी ते कॉम्प्युटर शिकवायचे, मग त्यांनी गेमच्या डिस्कांचं दुकान काढलं. दुकानात मी एकोणीस वर्षं होतो. माझं काम ओरखडे घालवायचं. लोक खराब झालेल्या डिस्का आणायचे आणि मी त्या यंत्रावर घासून चकचकीत करून द्यायचो. म्हणून मी पॉलिशवाला. खरं नाव विचारायच्या फंदात कुणी पडलं नाही.

मास्तरांना पाटी लिहायची हौस होती आणि प्रत्येक पाटीच्या शेवटी ‘कळावे’ लिहायची सवय. ‘दुपारी एक ते दोन दुकान बंद. कळावे.’ ‘डबे रिकामे आहेत, डिस्क काउंटरवर मागा. कळावे.’ वहिनी त्यावरून त्यांची खूप चेष्टा करायच्या. “मास्तर, मला प्रेमपत्रातसुद्धा कळावेच लिहिलं होतंत,” म्हणायच्या. वहिनी म्हणजे मास्तरांची बायको. मूलबाळ नव्हतं. ‘घर’ हा गेम त्या दोघांनी मिळून बनवला. चित्रं मास्तरांची, आवाज वहिनींचा. तुम्ही खोल्यांमधून फिरता आणि कुठून तरी वहिनी बोलतात. “अहो मास्तर, चष्मा कपाळावर आहे तुमच्या.” “मास्तर, किल्ली मागच्या वेळी होती तिथंच आहे, पण तुम्ही बघाल तर ना.” त्यांनी घरीच चाळीस सीड्या भरल्या आणि वाटून टाकल्या.

घरी भरलेल्या सीड्या काही वर्षांत आतून कुजतात. बाकीच्या सगळ्या गेल्या. एक मास्तरांच्या खणात, अंधारात, पाकिटात राहिली म्हणून टिकली. वहिनी वारल्यावर मास्तर रोज दुपारी एकला दुकानाचं शटर अर्धं ओढून ती सीडी लावायचे आणि तासभर त्या घरात फिरायचे. आवाजासाठी. तो दुसरीकडे कुठंही नव्हता.

मी तेव्हा त्यांच्या मागे लागलो होतो. “मास्तर, जग डाऊनलोडवर गेलं. डिस्कांनी नुसती जागा अडते. ‘घर’ कंपनीला देऊन टाका, हजारो लोक खेळतील.”

“डिस्क एकदा भरली की भरली,” ते म्हणायचे. “ती तुझ्या पाठीमागे बदलत नाही. डाऊनलोड म्हणजे भाड्याचं घर. मालक कधीही आत येऊन सामान हलवील.”

एकदा मी दुकानात गिऱ्हाइकं असताना हा विषय काढला. ते सगळ्यांसमोर हसून म्हणाले, “तू घास रे बाबा. डोकं चालवायला मी आहे.” सगळे हसले. मीही हसलो. एकोणीस वर्षं मूग गिळून बसलेल्या माणसाचं हसू कसं असतं, ते त्यांना तेव्हा कळलं नाही.

३

त्यांनीच सीडी माझ्या हातात दिली. “एक हलका हात फिरव, कुठंतरी अडकतेय.” मी ती घरी नेली आणि तिची नक्कल करून घेतली. नकलेतून मास्तरांचं आणि वहिनींचं नाव काढून माझं घातलं. वहिनींचा आवाज ठेवणं शक्य नव्हतं, कारण त्या दर दुसऱ्या वाक्याला ‘मास्तर’ म्हणतात. मी तो एक एक तुकडा शोधून काढला. कंपनीच्या अर्जात ‘मूळ गेममध्ये काय बदललं’ असा रकाना होता. त्यात मी लिहिलं, ‘अनावश्यक आवाज काढला.’

मग सीडीचं काम उरलं. चकाकत्या बाजूवर कितीही ओरखडे पडोत, मी पाच मिनिटांत घासून देतो. लोकांना वाटतं सगळं त्याच बाजूला असतं. जुन्या सीडीत खरा माल असतो तो वरच्या, नाव लिहितात त्या बाजूच्या अगदी खाली, केसभर जाडीच्या थरात. तिथं टोकदार वस्तूनं एक रेघ ओढली की जगात कुणाच्या बापाला ती दुरुस्त करता येत नाही. मी कंपासच्या टोकानं रेघ ओढली, मास्तरांच्या अक्षरातल्या ‘घर’ या शब्दाच्या शिरोरेषेवरूनच. दिसू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला मास्तरांनी सीडी लावली. ती फिरली, टकटकली, थांबली. त्यांनी माझ्याकडे दिली. मी घासून दिली. पुन्हा टकटक. पुन्हा घासली. असं सहा वेळा झालं. मास्तर यंत्राशेजारी स्टुलावर बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बघत होते. या घासण्याचा काही उपयोग नाही हे मला माहीत होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. सहाव्या वेळी त्यांनी सीडी उचलली आणि ट्यूबलाईटसमोर धरली. शिरोरेषेतून उजेडाची बारीक रेघ त्यांच्या गालावर पडली.

“पॉलिश छान झालंय,” ते म्हणाले आणि सीडी पाकिटात घातली.

पुढच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकानं त्यांना फोनवर गेम दाखवला. “मास्तर, हा तुमचाच ना? नाव तर पॉलिशवाल्यांचं आहे!” आयुष्यात कधी काही डाऊनलोड न केलेल्या माणसानं त्या दिवशी तो गेम डाऊनलोड केला. दुपारी एकला कानाला हेडफोन लावून सगळ्या खोल्या फिरले. दोनला हेडफोन काढले.

“तिचा आवाज कुठाय?”

“अनावश्यक होता,” मी म्हणालो.

“बरं,” ते म्हणाले.

आठ दिवसांनी, दुपारच्या सुट्टीतच, खुर्चीत बसल्या बसल्या ते गेले. कानाला हेडफोन तसेच होते. समोर फोनवर गेम चालू होता.

४

आवृत्ती १.२ चार दिवसांनी आली. ‘घराचा नकाशा सुधारला. कळावे.’

मी गेम सुरू केला. ते माझं घर होतं. बैठकीतली पाय डुगडुगणारी खुर्ची, तिच्याखाली घातलेली कागदाची घडी, स्वयंपाकघराच्या खिडकीची फाटलेली जाळी. ती शिवून द्यायला बायकोनं मला महिनाभर सांगितलं होतं. जाळी तशीच फाटली होती, वरच्या डाव्या कोपऱ्यात. टेबलाशी निळ्या सदऱ्यातला एक माणूस पाठमोरा बसला होता. त्याच्या डाव्या हाताला कप होता.

मी माझ्या सदऱ्याकडे पाहिलं. मग उजवीकडे वळून पाहिलं, मागे कुणी नव्हतं. पानावर लगेच एक नवी ओळ आली. कुणीतरी खेळाडू लिहीत होता, ‘तो माणूस आत्ता उजवीकडे वळला. दचकलो ना राव.’

मी लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. कुणी तरी माझ्या घरात डोकावतोय, मास्तरांचा भाचाबिचा असेल, सूड उगवतोय, असं मी स्वतःला समजावलं. पासवर्ड बदलला. गेमच काढून टाकायला गेलो, तर कंपनीच्या बाई म्हणाल्या, “सर, पानावरून काढू, पण ज्यांनी घेतलाय त्यांच्याकडे राहणारच. आणि बदल त्यांना जातच राहतील.”

“मग बंद करा ना ते बदल!”

“ते तुमच्याच हातात आहे, सर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला १.३ आलेली होती.

‘अनावश्यक आवाज काढला. कळावे.’

हे शब्द माझे होते. अर्जाच्या रकान्यातले, जसेच्या तसे. मी बायकोला हाक मारली. मशीन चालूच राहिलं. मला वाटलं, जाळीवरून अजून घुश्शात आहे. मी आतल्या खोलीच्या दारात जाऊन पुन्हा हाक मारली. मला माझा आवाज स्वच्छ ऐकू आला. तिनं दोरा दातानं तोडला, मान वर केली आणि मला बघून दचकली.

“बाई गं! असे मुकाट्यानं काय येऊन उभे राहता?”

“मी दोन हाका मारल्या.”

“काय झालं? तोंड काय नुसतं हलवताय? घसा बसलाय का?”

मी कंपनीला फोन लावला. बाई तीन वेळा ‘हॅलो, हॅलो’ म्हणाल्या, “आवाज येत नाहीये” म्हणाल्या आणि फोन ठेवला. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं. घसा ठणठणीत आहे म्हणाले आणि गुळण्या करायला सांगितल्या. मी घरी आल्यावर गुळण्या केल्या. त्यांचा आवाजही बायकोला आला नाही.

१.४ तिसऱ्या दिवशी आली. ‘नावात दुरुस्ती. कळावे.’ गेमच्या शेवटी माझं नाव होतं तिथं आता कोरी जागा होती. मी दार उघडून पाहिलं. माझ्या नावाची पाटी लावलेल्या जागी स्क्रूची दोन भोकं होती, बाकी स्वच्छ भिंत. कंपनीला पत्र पाठवलं, तर उत्तर आलं की या नावाचं खातं आढळत नाही. बायकोनं लग्नानंतर माझं नाव कधी घेतलंच नव्हतं, त्यामुळे तिला काही फरक पडला नाही. ती मला ‘अहो’ म्हणत राहिली. त्या एका शब्दावर मी अजून त्या घरात होतो, आणि तो कुणी काढून घेईल या भीतीनं माझं धाबं दणाणलं होतं.

५

डिस्क तुझ्या पाठीमागे बदलत नाही, असं मास्तर म्हणायचे. मी तेच धरून बसलो. मूळ सीडी मिळाली, तिच्यातून कसा का होईना तो आवाज काढून गेममध्ये परत घातला, त्यांची नावं घातली, तर कदाचित ते थांबतील. मी काढलेले तुकडे केव्हाच पुसून टाकले होते. दुकान बंदच होतं, पण किल्ली माझ्या खिशात होती. जाताना वाटेत मी मनातल्या मनात मास्तरांची माफी मागत होतो. खरं तर माफी नव्हती ती. भाव करत होतो.

दुपारचा एक वाजला होता. शटर अर्धं वर केलं आणि वाकून आत शिरलो. आत धूळ, प्लास्टिकचा वास आणि भिंतभर रिकामे डबे. मास्तरांच्या खणात पाकीट जागेवर होतं. आत सीडी. पाकिटावर त्यांच्या अक्षरात नवी ओळ होती, ‘घासून झाली.’ मी सीडी ट्यूबलाईटसमोर धरली. शिरोरेषा तशीच फाटलेली होती, उजेड आरपार येत होता.

तरी लावून पाहू म्हटलं. जुन्या कॉम्प्युटरचा ट्रे आत गेला. घरघर झाली. टक. टक. टक. मी डोळे मिटून घेतले. मग टकटक थांबली आणि सीडी एकसारखी फिरायला लागली.

पडद्यावर घर आलं. त्यांचं, जुनं. बैठकीत खुर्चीत कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. हात गुडघ्यांवर. चष्मा वर कपाळावर ढकललेला असावा, काड्या तेवढ्या कानामागून वर गेलेल्या दिसत होत्या. दीड वर्षात मी तो आवाज ऐकला नव्हता.

“अहो मास्तर,” वहिनी म्हणाल्या, “दारात कोण उभंय बघा.”

खुर्चीतल्या माणसानं मान वळवली नाही. फक्त एक हात गुडघ्यावरून उचलला, चष्मा कपाळावरून खाली डोळ्यांवर घेतला आणि पुन्हा हात जागेवर ठेवला.

“आत घेऊ नका,” वहिनी म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या. “जागा नाहीये.”

मी ट्रेचं बटण दाबलं. ट्रे बाहेर आला. तो रिकामा होता. सीडी माझ्या डाव्या हाताशी, काउंटरवर, पाकिटात होती. मी ती पाकिटातून काढलीच नव्हती की काढून परत ठेवली होती, हे मला आजही सांगता येणार नाही. पडद्यावर घर अजून होतं. खुर्ची मात्र आता रिकामी होती.

मी शटर तसंच टाकून पळालो.

६

घरी पोचलो तेव्हा तीन वाजले होते. इंटरनेटची वायर ओढून काढली. मग लक्षात आलं की त्याचा काही उपयोग नाही. गेम माझ्याकडे नव्हताच, तो हजारो लोकांकडे होता, आणि प्रत्येकाच्या पडद्यावर माझं घर होतं. फोनवर पान उघडलं. १.५ सगळ्यांकडे पोचली होती.

‘माणूस काढला. जागा अडत होती. कळावे.’

खाली एकानं लिहिलं होतं, ‘आता घर मोकळं वाटतं.’ पाच तारे दिले होते.

बायको मशीनवर होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तिनं माझ्यातून पलीकडच्या घड्याळात वेळ बघितली. मग उठली, खुर्चीच्या पाठीवरचा माझा निळा सदरा उचलला आणि झटकला.

“हा कुणाचा राहिला इथं?” ती स्वतःशीच म्हणाली. कॉलर उलटून तिनं शिवण पाहिली. “शिलाई तर माझीच आहे.” क्षणभर थांबली. मग सदरा गिऱ्हाइकांच्या कपड्यांच्या गठ्ठ्यात टाकला.

ते परवा झालं. तेव्हापासून मी हे लिहितोय, कागदावर, शाईनं. लिहिलेलं पाठीमागे बदलत नाही. पानं मी सारखी तपासतो आणि एक अक्षरही हललेलं नाही. मास्तरांनी कागदाला हात लावलेला नाही. आधी मला यात दिलासा वाटला. मग वाटलं, माझं हेच एवढं उरावं, अशीच त्यांची इच्छा असणार.

आज सकाळी दहाला बायकोनं टेबल आवरायला घेतलं आणि तिला पहिली पानं सापडली. तिनं उभ्यानंच वाचायला सुरुवात केली. मी शेजारी उभा राहून तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. सीडी सहा वेळा घासली, तिथं ती थांबली आणि खाली बसली. मास्तरांच्या कानाला हेडफोन तसेच होते, तिथं आल्यावर तिनं पदराऐवजी हातातल्या कापडानंच डोळे पुसले. मला वाटलं, आता ती अक्षर ओळखेल. मी वेलांट्यांना शेपूट काढतो, ती त्यावरून मला नेहमी चिडवायची. मी तिच्या कानाशी ओरडलो.

तिनं फोन उचलून बहिणीला लावला.

“अगं, घरात कुणीतरी लिहिलेले कागद सापडलेत. कुणी पॉलिशवाला आहे. इतका दुष्ट माणूस असतो का गं? त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याच्या बायकोचा आवाज पुसला मेल्यानं.” पलीकडून बहीण काहीतरी म्हणाली. “नाही गं, मी कशाला ओळखते त्याला? असल्या माणसाला घरात कोण ठेवून घेईल?”

तिनं फोन ठेवला आणि कागद उलटेपालटे करून पाहिले. मागची बाजू कोरी होती. पाठकोरे कागद ती कधी टाकत नाही. कॉलरचा आकार कापायला ते बरे पडतात. तिनं पहिली पाच पानं एकावर एक जुळवली, खडूनं कॉलर आखली आणि कात्री घेतली.

कात्रीचा आवाज चालू आहे. हे सहावं पान तेवढं माझ्या हाताखाली आहे. जाळी तिनं कालच शिवून टाकली. टाके छान बारीक पडलेत.